झणत्कार : एका नादशब्दाचा विचार

गेल्या वद्य एकादशीला आमच्या गावच्या ज्ञानेश्वरीच्या वर्गात एका मुलाने प्रश्न विचारला. वय असेल पंधरा-सोळा. पखवाजाला नुकताच हात लावला आहे. म्हणाला, "बुवा, टाळाचा झणत्कार म्हणतात, आणि आमची आजी ठेच्याला झणझणीत म्हणते. टाळ काय तिखट असतो का?" सगळे हसले. मीही हसलो आणि 'पुढं सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही सुटेना. ज्या शब्दाशिवाय आपले कीर्तन पुढे सरकत नाही, त्याचा अर्थ चाळीस वर्षे टाळकऱ्यांत उभे राहूनही मी कधी नीट पाहिला नव्हता. म्हणून हा लेख. मुलाला उत्तर देता देता आपणां सर्वांपुढेही ते ठेवावे, असे वाटले.

प्रथम शब्दाची घडण पाहू. झणत् हा नुसता आवाज आणि कार म्हणजे करणे. ॐकार, हुंकार, चीत्कार, धनुष्याचा टणत्कार, हे सगळे त्याच जातीचे. पाणिनीने अशा शब्दांना अव्यक्ताचे अनुकरण म्हटले आहे. अव्यक्त म्हणजे ज्यात अक्षरे निवडता येत नाहीत असा आवाज. टाळ काही 'झ' म्हणत नाही आणि 'ण'ही म्हणत नाही. तो फक्त वाजतो. त्या वाजण्याला आपल्या तोंडात जे जवळचे अक्षर सापडले, ते आपण त्याला देऊन टाकले. मराठी व्याकरणकार यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती झाली. त्यात हे खणखण, झणझण, ठणठण मंडळी अर्थासह मानाने बसलेली आहेत. पुष्कळ विद्वान या शब्दांना पोरखेळ समजतात. मला तसे वाटत नाही. बाकीचे शब्द आपण आईबापांकडून ऐकून शिकलो. हे शब्द आपल्या वाडवडिलांनी थेट वस्तूकडून ऐकून घेतले.

आता यातला 'ण' पाहा. सगळी गंमत तिथे आहे. खटखट आणि खणखण हे दोन शब्द शेजारी ठेवा. 'ख' तोच. पण खट म्हटले की जीभ टाळूला लागते, वाट बंद होते, आवाज संपला. खण म्हटले की जीभ लागलेलीच राहते आणि श्वास नाकावाटे घुमत राहतो; हवा तेवढा लांबवा. म्हणून लाकूड खटखटते आणि धातू खणखणतो. दार ठकठक वाजते आणि घागर ठणठण वाजते. टक आणि टण, ठक आणि ठण, सगळीकडे हाच नियम. आघातानंतर ज्याचा नाद मागे रेंगाळतो, त्या प्रत्येकाला मराठीने शेवटी ण लावून दिला आहे. हे कुणी कुठल्या सभेत बसून ठरवले नाही. खेड्यातल्या बाईने घागर वाजवून पाहिली आणि तिच्या तोंडून ते आले.

तसेच स्वरांचे. झणझण मोठे, झिणझिण बारीक, झुणझुण मऊ. खणखण रुपयाची, किणकिण बांगड्यांची. घंटा मोठी म्हणून तिची घणघण, त्यात 'घ' घशातून येतो. वाळ्यांना आणि घुंगरांना छुमछुम. आणि रुणझुण हा तर फारच नाजूक शब्द. तो पैंजणाचा खरा, पण माउलींनी आपल्या विरहिणीत तो भ्रमराला दिला. भ्रमर काही धातूचा नाही, तरी त्याच्या गुंजारवात मागे रेंगाळणारा नाद आहे, म्हणून तो शब्द त्याला शोभला.

ज्यांना ट आणि ण यांतला फरक एकाच ठिकाणी ऐकायचा असेल, त्यांनी चिपळ्या हातात घ्याव्या. लाकडाचे दोन तुकडे, त्यांत धातूच्या लहान चकत्या अडकवलेल्या. वाजवल्या की लाकूड खट म्हणते आणि चकत्या झण म्हणतात. एकाच हातात दोन्ही अक्षरे.

टाळाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. चांगला टाळ काशाचा. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिलाफ. घंटेच्या काशात सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते. एकटे तांबे मऊ, एकटे कथील त्याहून मऊ. पण दोन्ही या प्रमाणात एकत्र वितळली की जो धातू होतो तो कठीण आणि नादाचा. कथील वाढले की नाद वाढतो आणि ठिसूळपणाही वाढतो. म्हणून चांगला टाळ दगडावर पडला तर तडकतो. तडकलेला टाळ डोळ्यांना पुष्कळदा धड दिसतो, कानाला मात्र लगेच कळतो. त्याचा आवाज बद्द येतो. हा 'बद्द' शब्दही ध्यानात घ्या : त्यात ण नाही, द वर द आपटून शब्द बंद. आमच्याकडे जुनी माणसे म्हणत, "हा टाळ बोलत नाही हो." बाजारात टाळ घेताना दोरीला धरून नखाने टिचकी मारावी आणि कान लावून बसावे. नाद किती वेळ मागे राहतो ते पाहावे. दोन वाट्यांच्या स्वरांत केसाएवढा फरक असेल तर नादात लहरी उठतात, पाण्यावर उठाव्या तशा. त्या लहरींमुळे तो झणत्कार जिवंत वाटतो. आणि वाजवताना बोटे धातूला लावू नयेत. नवीन मुले वाट्या मुठीत घट्ट धरतात आणि मग टाळ वाजत नाही म्हणून दुकानदाराला नावे ठेवतात. टाळाची दोरी धरावी, टाळ धरू नये.

या झणत्काराचा एक उपयोग असा आहे की तो बाहेरच्या माणसाला सांगूनही खरा वाटत नाही. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाजआरती होते. हजारो टाळ एकसारखे वाजत असतात. चोपदार दंड उंचावतो आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. इतकी शांतता होते की पलीकडच्या शेतातले बैल रवंथ करताना ऐकू यावेत. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत तेवढाच झणत्कार चालू राहतो. मग चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, निवाडा होतो आणि तेव्हा ते टाळ शांत होतात. कागद नाही, अर्ज नाही, आरडाओरडा नाही. भजनाचा टाळ तोच तक्रारीचा टाळ. ज्याने कुणी ही रीत घातली त्याला नादाचे मर्म कळले होते.

असो. आता हे शब्द कानातून निघून दुसरीकडे कसे गेले ते पाहू.

चांदीचा रुपया चालत होता तेव्हा सावकार तो दगडावर आपटून घेई. खरा असेल तर खणखणे, खोटा असेल तर बद्द पडे. ते रुपये गेले, पण खणखणीत शब्द राहिला. खणखणीत नाणे, मग खणखणीत आवाज, खणखणीत उत्तर. जिथे जिथे भेसळ नाही तिथे तिथे तो लागू झाला. मडक्याचे तसेच. कुंभाराकडे बायका मडके बोटाने वाजवून घेतात. पक्के भाजलेले, चीर नसलेले मडके ठण म्हणते. त्यावरून माणसाची प्रकृती ठणठणीत झाली. पण याच ठणठणचे दुसरे रूप पाहा. रांजणात दाणा नसला की तो ठणठण वाजतो. म्हणून ज्याच्या घरी काही नाही तो ठणठणपाळ. एकच आवाज, एकदा धडधाकटपणाची खूण आणि एकदा रितेपणाची. दोन्ही अर्थ खरे आहेत, कारण भरलेले भांडे कधी वाजतच नाही. मडके घेताना ते रिकामे असते म्हणून तर त्याची चीर कळते. कीर्तनकारांनी हा दृष्टांत जरूर घ्यावा, पण जपून घ्यावा. रिते भांडे म्हणजे वाईट भांडे, असा एकच अर्थ काढून श्रोत्यांना झोडपू नये.

ठण वरूनच ठणका. दाढ ठणकते, गळू ठणकते. इथे ऐकू काहीच येत नाही. पण घाव पडावा, नाद थांबावा, पुन्हा घाव पडावा, तशी ती वेदना येते. ज्याची दाढ कधी ठणकली आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि आता त्या मुलाचा ठेचा. झणझण ही प्रथम कानाची. मग ती अंगात आली : पाय अवघडला की झणझणतो, झिणझिण्या येतात, कोपर दाराला आपटले की बोटांपर्यंत झणझण जाते. मग जिभेवर आली : झणझणीत रस्सा, झणझणीत ठेचा. तिथून डोळ्यांत गेली. डोळ्यांत झणझणीत अंजन घालणे हा वाक्प्रचार आपण कीर्तनात रोज ऐकतो. या सगळ्यांत सारखे काय? तर मूळ घाव क्षणाचा आणि त्याची लहर मागे राहणारी. मिरचीचा घास गिळला तरी जीभ थरथरत राहते, टाळ थांबला तरी हवा थरथरत राहते. उन्हाचेही तसेच. संस्कृतात रण् धातूचा अर्थ वाजणे असा आहे, आणि आपण ऊन रणरणते म्हणतो. जेठात दुपारी बांधावर उभे राहिले म्हणजे समोरची हवा डोळ्यांदेखत थरथरताना दिसते. तिला कुणाला नादाचा शब्द सुचला असेल तर नवल नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. ज्ञानेश्वरीत 'झणें' हा शब्द वारंवार येतो. त्याचा या झणशी काही संबंध नाही. तो नादवाचक नाही, आणि 'झणी' म्हणजे लवकर असा जो अर्थ आपण पुढच्या कवितेतून शिकलो तोही तिथे लागत नाही. माउलींच्या भाषेत झणें म्हणजे 'न जाणो, एखादे वेळी', आणि पुष्कळदा सरळ 'नको'. उत्तरेकडे तुलसीदासांच्या भाषेत 'जनि' हा शब्द असाच नकाराला येतो. मी तरुणपणी एका प्रवचनात झणें चा अर्थ 'ताबडतोब' असा सांगितला. देव जे करू नको म्हणतो तेच लगेच कर, असा उलटा उपदेश माझ्या तोंडून झाला. एक म्हातारे गृहस्थ शेवटी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बुवा, उद्या ती ओवी पुन्हा एकदा घ्या." चारचौघांत बोलले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. कानाला सारखे वाटले म्हणून अर्थही सारखा असेल असे धरून चालू नये.

ही चूक शब्दाची होती, सुधारता आली. दुसरी एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

आमच्या दिंडीत एक टाळकरी आहेत. नाव सांगत नाही, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तीस वर्षे पहिल्या ओळीत. एका वारीत नातेपुत्याच्या मुक्कामी रात्री ते माझ्या पालात आले. म्हणाले, "बुवा, कुणाला सांगू नका. मला नाद ऐकू यायला लागला. निजलो की कानात बारीक घंटी वाजते. थांबतच नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. मी पोथ्या वाचलेला माणूस. हंसोपनिषदात नादाचे दहा प्रकार सांगितले आहेत हे मला ठाऊक होते. पहिला चिण् असा, दुसरा चिंचिण् असा, तिसरा घंटेचा, मग शंख, तंतुवाद्य, टाळ, वेणू, मृदंग, भेरी आणि दहावा मेघाचा. नादबिंदूपनिषदातही शेवटी शेवटी किंकिणी, बासरी, वीणा आणि भ्रमर यांचे नाद येतात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अनाहताचे वर्णन आहेच. मी अण्णांचे पाय धरले आणि म्हणालो, "भाग्यवान आहात."

दोन वर्षे गेली. अण्णा अधिकाधिक गप्प होत गेले. आम्हांला वाटले, अंतर्मुख झाले. मग त्यांच्या सुनेच्या ध्यानात आले की नातू हाक मारतो ती त्यांना ऐकूच येत नाही. ध्रुपद उचलताना ते अर्धी मात्रा मागे पडत, तेही आम्ही भक्तीच्या खात्यावर मांडले होते. मुलाने कानाच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तपासून सांगितले की बारीक, उंच आवाज ऐकण्याची शक्ती बरीच गेली आहे आणि ही घंटी त्याचीच खूण आहे. वर्षानुवर्षे कानाजवळ टाळ, आणि अलीकडे गाडीवरच्या कर्ण्यासमोर उभे राहणे. मोठ्या आवाजाने आतल्या कानातले सूक्ष्म तंतू मेले की ते पुन्हा उगवत नाहीत. लवकर आले असते तर उरलेले तरी जपता आले असते, असे ते म्हणाले. ते वाक्य मला उद्देशून नव्हते. पण लागायचे तिथे लागले.

आयुर्वेदात सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद हा स्वतंत्र रोग आहे. म्हणजे घंटी वाजली की समाधी लागली, असे आपल्या पूर्वजांनीही मानले नव्हते. मी उपनिषद उघडले आणि सुश्रुत मिटून ठेवला, एवढाच माझा अपराध. म्हणून सांगतो : कानात घणघण किंवा शिट्टी सुरू झाली आणि राहिली, तर आधी डॉक्टरला दाखवा. पुष्कळदा नुसता मळ असतो, काढला की थांबते. एकाच कानात वाजत असेल किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले असेल, तर एक दिवसही दवडू नका. दिंडीत शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला जास्त आहे असे समजावे आणि कर्ण्यापासून चार पावले मागे सरावे. कर्णा मागे गेला म्हणून पांडुरंग मागे जात नाही.

आणि अनाहताचे काय, असे कुणी विचारील. त्याला मी शार्ङ्गदेवाकडे पाठवतो. हा संगीतरत्नाकराचा कर्ता देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला होता, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकात, आपल्याच मुलखात. तो म्हणतो, नाद दोन प्रकारचा : अनाहत म्हणजे घावावाचून होणारा, आणि आहत म्हणजे घावाने होणारा. अनाहताची उपासना मुनी गुरूने सांगितलेल्या मार्गाने करतात, पण त्यात लोकांना रंगवण्याचे सामर्थ्य नाही. आहत नाद रंजन करतो आणि संसाराचे बंधनही तोडतो. त्याच शतकाच्या अखेरीस, १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आपल्या संप्रदायाने कोणता नाद घेतला हे सांगायला नको. काशावर कासे आपटून जो होतो तो. आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे आलेल्या मुलाच्या हातीही टाळ-पखवाज येतो; कानात बोटे घालून बसायला त्याला कुणी सांगत नाही.

अण्णा अजून वारीला येतात. डॉक्टरांनी यंत्र दिले आहे. बोलण्याला ते लावतात, भजनाला काढून खिशात ठेवतात. म्हणतात, "त्यातून टाळ पत्र्यासारखा लागतो." मग ताल कसा धरता, असे मी गेल्या आषाढीला वाखरीच्या वाटेवर खुणेने विचारले. त्यांनी शेजारच्याच्या पायांकडे बोट दाखवले. नंतर माझा हात धरला, आपल्या टाळाची दोरी माझ्या बोटांत दिली आणि दुसऱ्या वाटीने घाव घातला. दोरीतून मनगटापर्यंत काहीतरी सरसरत गेले. अण्णा माझ्या तोंडाकडे पाहत होते. "झणझणतंय का?" त्यांनी विचारले.

त्या मुलाला येत्या एकादशीला टाळ घेऊन बोलावले आहे. अण्णाही येतो म्हणाले आहेत.